सिरियाचा ठराव

बाबांनी सिंगापुरातल्या आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमधून पक्षाची पहिली मीटिंग केली त्या दिवशी जेवायला मटकीची उसळ होती आणि ती मला तीनदा गरम करावी लागली. रविवार होता. पुण्यात सकाळचे दहा म्हणजे आमच्याकडे दुपारचे साडेबारा. बाबा वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरचा पायजमा घालून लॅपटॉपसमोर बसले. पायजमा कॅमेऱ्यात दिसत नाही, हे त्यांना माझ्या मुलीनं सांगून ठेवलं होतं. स्काइपवर पक्षाच्या कार्यालयाची पोपडे आलेली भिंत दिसत होती, तिच्यासमोर पाच-सहा टकलं आणि वर गरगरणारा पंखा. विषय होता सिरिया.

मी कपाळाला हात लावला. बाबांच्या या डाव्या पक्षाची पुणे शाखा म्हणजे तीसेक माणसं, त्यातली निम्मी गुडघेदुखीची. निवडणुकीत कधी डिपॉझिट वाचलं असतं तर यांनी पेढे वाटले असते. आणि हे ठरवणार काय, तर सिरियातल्या यादवीत पाठिंबा कुणाला द्यायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी म्हणाले, "बाबा, तिकडे कुणी अडून बसलंय का तुमच्या पाठिंब्यावाचून?" बाबा चष्मा पुसत म्हणाले, "तू उसळीकडे बघ."

आई गेल्यापासून बाबा वर्षातले सहा महिने आमच्याकडे राहत. पुण्यातला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट तेवढे दिवस कुलपात, किल्ली शेजाऱ्यांकडे. इथे आले की पहिले आठ दिवस ते सगळे नियम वाचून काढत. कचरा कुठे टाकायचा, रस्ता कुठून ओलांडायचा. त्या मीटिंगच्या आदल्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं, की आपण इथून स्काइपवर राजकीय बैठकीला बसायचं तर परवाना काढावा लागेल का. पाहुण्यानं यजमानाचा नियम मोडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा नवरा तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, तो कमी बोलतो. तो म्हणाला, "घरात बसून बोलायला काही लागत नाही बाबा. फक्त घोषणा नकोत." आता यांच्या पक्षात मीटिंग घोषणेशिवाय संपतच नाही. तेव्हा शेवटी पुण्याची मंडळी घोषणा देऊ लागली की बाबा इकडे मूठ वर करायचे आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. आमची खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडते. शेजारच्या चिनी आंटीनं ते पाहिलं आणि संध्याकाळी मला दारात गाठून विचारलं, "अंकल ओके ऑर नॉट? शोल्डर पेन, इज इट?" वर चोळायच्या हिरव्या तेलाची बाटली दिली. बाबांनी ती कौतुकानं वापरलीसुद्धा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, काका मध्ये नसते तर.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाबा आणि ते विशीच्या आत एकाच महिन्यात पक्षात आले. बाबांनी पुढे शाळेत नोकरी धरली, लग्न केलं, मी झाले. काकांनी यातलं काहीच केलं नाही. ते पक्षाचे होलटायमर, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्ते, आणि कार्यालयाच्या मागच्या खोलीत राहत. एक खाट, एक ट्रंक, एक स्टोव्ह. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री ते आमच्याकडे जेवायला येत. आई त्यांना पक्षाचा जावई म्हणायची आणि त्यांच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवायची. मला सायकल काकांनी शिकवली. आई आजारी होती तेव्हा हॉस्पिटलातल्या अर्ध्या रात्री त्यांनी काढल्या, आणि ती गेल्यावर तेरा दिवस आमच्याकडे राहून अत्यंत वाईट खिचडी करून घातली. बाबा सिंगापूरला असले की दर रविवारी सकाळी त्यांना फोन करत. बोलणं काय, तर तिकडचं पाणी, इकडचं ऊन, आणि मग तासभर राजकारण.

आणि आता सिरियावर हे दोघे समोरासमोर आले होते. बाबांचा गट म्हणत होता की तिथली जनता हुकूमशाही सरकारविरुद्ध उठली आहे, आपण जनतेच्या बाजूचे, म्हणजे उठावाला पाठिंबा दिलाच पाहिजे. काकांचा गट म्हणत होता की उठाव खरा होता, पण आता बाहेरच्या बड्या देशांनी त्यात शस्त्रं ओतली आहेत, हे सरकार पडलं तर त्यांचंच फावेल, त्यामुळे ते सरकार कितीही वाईट असलं तरी आज त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं. सुरुवातीला मला हा दोघांचाही रिकामटेकडेपणा वाटला. पण उसळ ढवळता ढवळता कानावर पडत राहिलं आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोघांनाही तिथल्या मरणाऱ्या माणसांची झोप उडवणारी काळजी होती. बाबा पेपरात तिथल्या लहान मुलांचे फोटो बघून ताट सारून उठत. काका म्हणत, आज एक मोहल्ला जळतोय, उद्या अख्खा देश जळेल. आपण कुठल्या बाजूला होतो हे कुणी विचारलं नाही तरी आपल्याला माहीत असायला हवं, एवढ्यासाठी ही म्हातारी माणसं घसा फोडून भांडत होती. माझ्या मरीन परेडच्या ऑफिसात कुणी कशासाठी एवढं भांडलेलं मला आठवत नाही.

तिसऱ्या रविवारी मतदान झालं. बाबांची बाजू जिंकली. माझ्या मुलीनंही मागे सोफ्यावरून हात वर केला होता. अध्यक्षांनी गंभीरपणे सांगितलं की सोफ्यावरचं मत धरलेलं नाही. हरलेल्यांपैकी चौघे त्याच आठवड्यात पक्ष सोडून गेले. काका गेले नाहीत. अल्पमतात गेलो म्हणून पळायचं नसतं, असं ते म्हणाले. पण शाखेनं त्यांना चौकसभेत ठरावाच्या बाजूनं बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी नकार दिला. ठराव मान्य आहे, त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, पण जे खरं वाटत नाही ते माइकवर म्हणणार नाही. मग शिस्तीप्रमाणे कारवाई झाली. काकांचं होलटायमरपद गेलं, साधं सभासदत्व राहिलं. आणि मागची खोली होलटायमरची. पद गेलं की खोली गेली.

एकाहत्तर वर्षांचा, मधुमेह असलेला माणूस. सिरियापायी पुण्यात त्याची खाट हलणार होती.

त्यात आणखी एक मेख होती. ते कार्यालय फार जुन्या काळी भाड्यानं घेतलेलं, आणि भाडेकरू म्हणून नाव बाबांचं. खोलीत कोण राहणार हे बाबांनी घरमालकाला लेखी कळवायचं, अशी पद्धत होती. पक्षाचं पत्र ईमेलनं आलं. नवा कार्यकर्ता नेमला आहे, तरी त्याच्या नावानं पत्र द्यावं, ही विनंती.

"देणार नाही ना?" मी विचारलं.

"बघतो," बाबा म्हणाले.

"बघायचंय काय त्यात? आपला फ्लॅट रिकामा पडलाय. काकांना म्हणावं तिथे जाऊन राहा."

तेव्हा मला तो नियम कळला. ज्याच्यावर कारवाई झाली आहे त्याला वर्षभर कुठल्याही सभासदानं घरी आसरा द्यायचा नाही, त्याच्याशी खासगी बोलणं ठेवायचं नाही. मीटिंगमध्ये बोलायचं, सगळ्यांसमोर. म्हणे कधीकाळी नाराज लोक एकमेकांच्या घरी राहून गट बांधायचे, पक्ष फोडायचे, म्हणून तो नियम आला. मी म्हणाले, "कुठल्या शहाण्यानं लिहिला हा नियम?" बाबा म्हणाले, "आम्हीच. मी मसुदा केला, त्यानं शुद्धलेखन तपासलं."

रविवारचा फोन बंद झाला. बाबा सवयीनं सकाळी फोन हातात घेऊन बाल्कनीत बसत, खाली एलआरटीची छोटी ट्रेन दोनदा येऊन जाई, आणि मग ते फोन परत चार्जिंगला लावत. मला ते बघवेना. मी सभासद नाही, मला कुणाचा नियम? मी ऑफिसच्या पँट्रीमधून काकांना फोन लावला आणि म्हटलं, किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, आजच्या आज ट्रंक घेऊन आपल्या घरी जा.

"सभासदाच्या घरात?" काका म्हणाले. "अगं, तुझ्या बापावर कारवाई होईल."

"मग तुम्ही जाणार कुठे?"

"बघू. एक ट्रंक आहे, कुठंही मावते. तू त्याला त्रास देऊ नकोस. तो बरोबर वागतोय." मग म्हणाले, "बीपीच्या गोळ्या घेतो ना वेळेवर? त्याला सांगावं लागतं." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून पँट्रीत रडले. ऑफिसातल्या सहकारी मुलीला वाटलं मायक्रोवेव्हमधल्या मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. मी तसंच वाटू दिलं.

घरी येऊन मी बाबांना सोडलं नाही. जेवताना बोलले, भांडी घासताना बोलले. नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा, म्हणाले. बाबा ऐकून घेत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी एक कागद पुढे केला. त्यांनी ठराव लिहिला होता. सदर कार्यकर्त्यानं आयुष्य पक्षाला दिलं आहे, तरी त्यांना मागच्या खोलीत तहहयात राहू द्यावं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी हॉकर सेंटरच्या टपरीवरून त्यांच्या आवडीची बिनसाखरेची कोपी, इथली कडक कॉफी, आणली. मग कळलं की कुठलाही ठराव मांडायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. मी म्हटलं, अध्यक्षांना नुसता फोन करा, म्हणावं राहू दे म्हाताऱ्याला. बाबा म्हणाले, "फोनवर मिळालेली खोली फोनवर जाते. मीटिंगमध्ये मिळाली तर त्याची असते." पंधरा दिवस थांबलो.

त्या पंधरा दिवसांत बाबांनी एकेका सभासदाला ईमेल लिहिले, दोन बोटांनी टाइप करून. सगळं उघड, सगळ्यांना प्रत. मीटिंगच्या आदल्या दिवशी हिशेब असा होता की दहा बाजूनं, दहा विरुद्ध, आणि समसमान झालं तर अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्षांनी लिहून कळवलं होतं की ते मत ठरावाच्या बाजूनं पडेल. उरले काका. ते साधे सभासद म्हणून हजर राहणार होते. स्वतःच्या खोलीवरच्या ठरावात ते गप्प बसले तरी काम होणार होतं. मी उसळबिसळ काही केलं नाही त्या दिवशी. बाबांच्या मागे सोफ्यावर बसले, नवराही येऊन बसला.

बाबा फार छान बोलले. मी त्यांना शाळेच्या कार्यक्रमांत ऐकलं होतं, पण असं नाही. सिरियाबद्दल मी चूक असेन किंवा तो चूक असेल, ते पुढची माणसं ठरवतील, म्हणाले. पण तिथल्या घर सुटलेल्या माणसांच्या बाजूनं आपण ठराव केला आणि त्याच ठरावानं इथे एकाचं घर काढून घेतलं, हे मला पेलत नाही. मग अध्यक्षांनी बाजूची मतं मोजली. दहा. विरुद्धची मोजली. दहा. मी नवऱ्याचा हात धरला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक हात वर गेला. विरुद्धच्या बाजूनं. तो हात काकांचा होता.

"होलटायमरची खोली होलटायमरची," काका म्हणाले. "नियम एकासाठी वाकवला की दुसऱ्यासाठी वाकवावा लागतो. आणि मला चांगलं वागवावं म्हणून कॉम्रेडनं सिरिया मध्ये आणला, ते मला पटलं नाही. तो प्रश्न वेगळा आहे." बसले खाली.

ठराव एका मतानं पडला. पुण्यात घोषणा झाल्या. बाबांनी मूठ वर केली नाही, नुसता लॅपटॉप मिटला. मी तोंड उघडणार होते, पण नवऱ्यानं डोळ्यांनी नको म्हटलं. बाबा चपला घालून खाली गेले आणि ब्लॉकभोवती फिरत राहिले. तिसऱ्या फेरीला चिनी आंटी त्यांच्याबरोबर चालायला लागली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तासाभरानं ती त्यांना दारापर्यंत सोडून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा त्यांनी दोन कागद हातात दिले आणि स्कॅन करून पाठवायला सांगितलं. वरचा कागद घरमालकाच्या नावाचा होता. मागच्या खोलीचा ताबा पक्ष सांगेल त्या कार्यकर्त्याकडे द्यावा. खाली बाबांची सही.

माझा तोल गेला. "म्हणजे शेवटी तुम्हीच काढलंत त्यांना बाहेर. आणि ते माझ्या हातून पाठवताय. आई असती ना, तर तिनं तुम्हाला दारात उभं केलं नसतं. दगड आहात तुम्ही." असं मी म्हणाले, अगदी याच शब्दांत. आजही ते मला गिळता येत नाही.

बाबांनी मान खाली घातली. म्हणाले, "दुसरा कागद वाच."

दुसऱ्या कागदावर दोन ओळी होत्या. पक्षाच्या प्राथमिक सभासदत्वाचा राजीनामा देत आहे. कारण वैयक्तिक.

मी खुर्चीत बसले. ऑफिस राहिलं बाजूला. जरा वेळानं मी विचारलं, "राजीनामाच द्यायचा होता तर आधी द्यायचा. मग त्या पत्रावर सही करायची वेळच आली नसती."

"सभासद असताना झालेला ठराव आहे," बाबा म्हणाले. "तो सभासद असतानाच पाळायला हवा. सही आधी केली. मग हे लिहिलं." त्यांनी चष्मा काढला. "एकोणिसाव्या वर्षी आलो होतो गं मी. आता मला कॉम्रेड म्हणणारं कुणी नाही." एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडले, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, माफी कशी मागायची ते न सुचून. मग उठून दोन्ही कागद स्कॅन केले आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमानं पाठवले. आधी पत्र, मग राजीनामा.

"आता लाव फोन," ते म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नव्हते म्हणून मी लावला, स्पीकरवर टाकला.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले.

"फोन का केलास? कारवाई होईल तुझ्यावर."

"नाही होणार. मी राजीनामा दिलाय. पाच मिनिटं झाली."

पलीकडे काही सामान सरकवल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मूर्ख आहेस," काका म्हणाले.

"आहे. घराची किल्ली शेजारी आहे. जाऊन राहा. पुढच्या महिन्यात मी येतोय, मग दोघे राहू. आता मी कुठल्याच पक्षाचा नाही, माझ्या घरी कुणी राहावं हे मी ठरवणार."

पलीकडे सामान पुन्हा सरकायला लागलं, ट्रंकेची कडी वाजली.

"एक सांग," काका म्हणाले. "सिरियाबद्दल मत बदललंस? माझ्यासाठी?"

बाबा ताठ झाले. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"अजिबात नाही. तू चूक आहेस. पहिल्या दिवसापासून चूक आहेस."

"मग येतो," काका म्हणाले.